मुलाच्या बाजूने उभं राहताना: सोलापूर जिल्ह्यात नव्याने काम करणाऱ्यांसाठी

एखादं मूल संकटात आहे हे सगळ्यात आधी वकिलाला कळलं, असं फारसं घडत नाही. कळतं ते अंगणवाडीताईला, वर्गशिक्षिकेला, विडीसाठी पान-तंबाखू आणायला सोबत जाणाऱ्या शेजारणीला, नाहीतर स्टेशनवरच्या चहावाल्याला. त्यांच्यापैकी कुणीतरी फोन करतं आणि 'आता काय करायचं?' हा प्रश्न तुमच्यासमोर येतो. नुकतीच सनद मिळालेले वकील, समाजकार्याचे विद्यार्थी, शिक्षक, आशाताई, वस्तीत काम करणारे कार्यकर्ते, यांना त्या क्षणी हाताशी असावं म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपला कायदा बहुतेक ठिकाणी मुलाच्या बाजूने लिहिलेला आहे. प्रकरणं बिघडतात ती वेळ निघून गेल्यामुळे, साधा कागद न मिळाल्यामुळे आणि पाच माणसांनी मुलाला पाच वेळा तेच विचारल्यामुळे. मुलाची उलटतपासणी करायला आपण गेलेलो नसतो. यंत्रणेला तिच्या ठरलेल्या मुदतीत हलवायचं आणि ती हलेपर्यंत मुलाजवळ थांबायचं, एवढं जमलं तरी खूप झालं.

पहिली पायरी: मूल कुणासमोर जायचं ते ओळखा

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा या कामाचा पाया. अठरा वर्षं पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती या कायद्याने बालक आहे. मुलांसाठी त्यात दोन वेगळी दारं आहेत आणि नवखा माणूस इथेच गोंधळतो.

ज्या मुलाला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे ते बालकल्याण समितीपुढे जातं. बेघर, टाकून दिलेलं, भीक मागणारं, बेकायदा कामाला लावलेलं, घरात छळ होणारं, ज्याचं लग्न लावायचं घाटतंय असं, हरवलेलं, ही सगळी मुलं इथली. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे अधिकार आहेत, त्यामुळे तिचा आदेश हा सल्ला समजून बाजूला ठेवता येत नाही.

ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे ते बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे एक प्रधान दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते बसतात. दोन्ही ठिकाणी मूल चोवीस तासांच्या आत हजर करायचं असतं. त्यात फक्त प्रवासाचा वेळ धरत नाहीत. करमाळा किंवा माळशिरसहून सोलापूर गाठायला वेळ लागतो हे खरं, पण ती सबब दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत ताणता येत नाही.

एकाच मुलाला दोन्ही दारं लागू शकतात. स्टेशनवर चोरी करताना सापडलेला दहा-अकरा वर्षांचा मुलगा घरातल्या मारहाणीमुळे पळालेला असतो. अशा वेळी मंडळापुढेच लेखी विनंती करा, की हे मूल संरक्षणाची गरज असलेलंही आहे आणि बालकल्याण समितीकडे पाठवावं.

दुसरी पायरी: हद्द बघा, पण हद्दीवरून अडू नका

सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय आहे आणि जिल्ह्याच्या बाकी भागाला ग्रामीण पोलीस अधीक्षक. कुंभारीची विडी कामगारांची वसाहत शहराला जवळ वाटते, पण गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. रेल्वेत किंवा फलाटावर काही घडलं तर लोहमार्ग पोलीस. त्यात अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या पलीकडे लगेच कर्नाटक लागतं, आणि सोयरीक सीमा बघून होत नाही.

'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्याला घ्यावी लागते, मग गुन्हा कुठेही घडलेला असो. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती हातात पडल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. नोंद घेतलीच नाही तर अधीक्षकांकडे, शहरात असाल तर आयुक्तालयात, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तरीही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असणं बंधनकारक आहे. आत गेल्यावर थेट त्यांनाच भेटायचंय असं सांगा. एवढ्यानेही समोरच्याचा सूर बदलतो.

तिसरी पायरी: पहिल्या दिवसाची नोंद

१०९८ ही मुलांची हेल्पलाइन चोवीस तास चालते. जीवाला धोका असेल तर ११२. फोन केल्याची वेळ, तारीख, फोन उचलणाऱ्याने काय सांगितलं, हे लगेच वहीत लिहा. महिन्यांनी कुणीतरी विचारतं, 'तुम्हाला कधी कळलं, आणि मग तुम्ही काय केलं?' तेव्हा ही वहीच उत्तर देते.

मूल स्वतःहून काही सांगत असेल तर ऐका, आणि त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा. व्याकरण सुधारू नका, 'अत्याचार', 'विनयभंग' असले मोठ्यांचे शब्द त्याच्या तोंडी घालू नका. 'त्याने असं केलं का, तसं केलं का' हे विचारायचं नाही. 'मग काय झालं?' एवढंच पुरे. मूल गप्प बसलं तर तुम्हीही गप्प बसा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. 'तुला मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन' हे खरं आहे आणि मुलाला तेवढं समजतं.

सोलापुरात घराघरांत तेलुगू, कन्नड, उर्दू बोलली जाते. शहराच्या पूर्व भागातलं लहान मूल शाळेत मराठीत कविता म्हणतं, पण घाबरलं की त्याच्या तोंडून घरचीच भाषा येते. जबाब मराठीत घेतला गेला आणि मुलाला तो पुरता समजला नाही, तर पुढे साक्षीच्या वेळी प्रत्येक वाक्यावर खोडा बसतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी असलेल्या पोक्सो कायद्यात दुभाष्याची सोय आहे. ती मागा, लेखी मागा. नातेवाईकाला किंवा शेजाऱ्याला दुभाषा करू नका, विशेषतः आरोपी त्याच गल्लीतला असेल तर.

चौथी पायरी: वयाचा कागद

मी नव्या मुलामुलींना हे काम सगळ्यात आधी शिकवते, कारण बालविवाह, लैंगिक अत्याचार, बालमजुरी, विधिसंघर्ष (म्हणजे मुलावरच गुन्ह्याचा आरोप), प्रत्येक प्रकरण शेवटी वयावर येऊन थांबतं.

बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम दिलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तेही नसेल तरच हाडांची तपासणी, आणि आदेश झाल्यापासून पंधरा दिवसांत ती पूर्ण व्हायला हवी. हाच क्रम पीडित मुलीच्या वयालाही लावता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जर्नेल सिंग प्रकरणात सांगितलं आहे. आधार कार्डावर भिस्त ठेवू नका. ते जन्मतारखेचा पुरावा नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. आपल्याकडे कितीतरी आधार कार्डांवर १ जानेवारी किंवा १ जून अशी सोयीची तारीख असते, ती का असते हे कुणालाही विचारून बघा.

शाळेत गेलात तर नुसतं बोनाफाईड घेऊन परतू नका. मूल पहिलीला जिथे दाखल झालं त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. त्यावर चार गोष्टी तपासा: रजिस्टर क्रमांक, प्रवेशाची तारीख, जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत एकच आहे का, आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का. अंकांत २००९ आणि अक्षरांत 'दोन हजार आठ' असा एवढासा फरक आरोपीच्या वकिलाला पुरतो. खाडाखोड असेल तर मूळ पानाचा फोटो घेऊन ठेवा. साक्षीला मुख्याध्यापकांना मूळ रजिस्टर घेऊन यावं लागतं हेही त्यांना आधीच समजावून सांगा; ऐनवेळी समन्स बघून ते बिचारे घाबरतात. ऊसतोड कामगारांची मुलं असतील तर ही शाळा बीड, धाराशिव किंवा आणखी कुठे असते. तो उतारा आणायला माणूस पाठवावा लागला तरी पाठवा.

लग्न लावायचं घाटलं असेल तर

समजा, नववीतली मुलगी दिवाळीच्या सुटीनंतर वर्गात आलीच नाही. मैत्रीण म्हणते, 'तिची सुपारी फुटली.' इथून पुढे दिवस मोजायचे.

बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. शहरी भागात ही जबाबदारी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे. अंगणवाडीताईंकडून बातमी मिळते, पण तिलाच पुढे करू नका. तिला त्याच गावात राहायचं असतं आणि लग्न मोडल्याचा राग तिच्यावर निघतो. खबर तुमच्या नावाने किंवा १०९८ वरून जाऊ द्या.

नेहमी काय होतं, तर अधिकारी आणि पोलीस घरी जातात, आईवडिलांना समजावतात आणि 'अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही' असं हमीपत्र लिहून घेतात. फोटो निघतो, बातमी येते. आणि पंधरा दिवसांनी मुलगी आत्याच्या गावी जाते, कलबुर्गीकडे नाहीतर विजयपूरकडे, आणि तिथल्या देवळात अक्षता पडतात. हमीपत्र घ्यायला माझी हरकत नाही, पण तिथे थांबायचं नाही.

याच कायद्याचं कलम १३ आपल्याकडे फार कमी वापरलं जातं याचं मला वाईट वाटतं. लग्न ठरलं आहे किंवा लागणार आहे असं दिसलं, तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात. अर्ज अधिकाऱ्याने करावा, पण ज्याला माहिती आहे अशी कुणीही व्यक्ती तक्रार करू शकते. घाई असेल तर समोरच्याला नोटीस न देताही अंतरिम हुकूम मिळतो. आणि त्याचा खरा उपयोग कलम १४ मध्ये आहे: मनाई हुकूम मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. हुकूम नसेल तर महाराष्ट्रात बालविवाह आपोआप रद्द होत नाही; तो रद्द करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांचीच मुदत आहे. म्हणजे मुलीला वीस वर्षांची होण्याआधी न्यायालयात जावं लागतं. कर्नाटकात २०१६ च्या दुरुस्तीने बालविवाह सुरुवातीपासूनच रद्दबातल धरला जातो. म्हणून लग्न सीमेपलीकडे लागलं असेल तर नेमकं कुठे लागलं याचा पुरावा जपून ठेवा.

अर्जाला जोडायचं ते असं: रजिस्टरचा उतारा, पत्रिका असेल तर पत्रिका (हल्ली नुसता व्हॉट्सअॅपचा फोटो असतो, तोही चालतो), कार्यालयाची पावती, मंडपवाल्याचं नाव. लग्न लावणारे, ठरवणारे, त्यात हजर राहून उत्तेजन देणारे या सगळ्यांना कायद्यात शिक्षा आहे. कार्यालयाच्या मालकाला आणि भटजींना हे आधी जाऊन शांतपणे सांगितलं, की अनेकदा तारीख तिथेच रद्द होते. अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी सामूहिक बालविवाह रोखण्यासाठी खुद्द जिल्हाधिकारी प्रतिबंधक अधिकारी मानले जातात. त्याच्या महिनाभर आधी जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन देऊन ठेवलेलं बरं.

आणि मुलगी? लग्न थांबलं त्या रात्री तिच्यावर काय बेतेल याचा विचार आधी झाला पाहिजे. घरी मार बसायची भीती असेल तर तिला समितीपुढे हजर करा. घरी राहणं सुरक्षित असेल तर दुसऱ्या दिवशी शाळेत तिच्यासोबत कुणीतरी जा. आईवडिलांवर चिडून काही साधत नाही. हुंडा वाढेल, ऊसतोडीला जाताना मुलीला कुणाच्या जिवावर ठेवायचं, अशी त्यांची कारणं असतात. वसतिगृहात प्रवेश मिळवून दिला तर त्यांतलं एक तरी कारण सुटतं.

लग्न आधीच झालं असेल आणि मुलगी अठराच्या आत असेल, तर नवऱ्याने ठेवलेला शरीरसंबंधही बलात्कारच ठरतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी दिला. त्यामुळे गरोदर अल्पवयीन मुलगी दवाखान्यात आली की डॉक्टरांना खबर द्यावीच लागते. या भीतीने घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत, हे मी जवळून पाहिलं आहे. आधी तिचा जीव. तिला उपचार मिळाले पाहिजेत, आणि गर्भपात हवा असेल तर वेळेत मिळाला पाहिजे. अल्पवयीन मुलीच्या संमतीच्या संबंधांतून गर्भ राहिला असेल आणि ती गर्भपातासाठी आली असेल, तर तिच्या किंवा पालकांच्या विनंतीवरून खबर देताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. ही गोष्ट डॉक्टरांना छापील निकालासह दाखवा.

लैंगिक अत्याचार: पोक्सोची वाट

पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. गुन्हा घडल्याचं कळलं की पोलिसांना सांगणं प्रत्येकावर बंधनकारक; न सांगणं हाच गुन्हा. शाळेचं नाव खराब होईल म्हणून संस्थेत 'बैठक' घेऊन मिटवणाऱ्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. असा गुन्हा तडजोडीने मिटत नाही, गावच्या पंचांनी काहीही ठरवलं तरी.

जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असली पाहिजे. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. कळवलं का, हे तुम्ही समितीला विचारा. आरोपी त्याच घरात राहत असेल तर मुलाला तिथे ठेवायचं की नाही, हे समितीला तीन दिवसांत ठरवावं लागतं.

वैद्यकीय तपासणीसाठी एफआयआरची वाट बघायची गरज नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. सिव्हिलला न्या किंवा जवळच्या कुठल्याही रुग्णालयात. सरकारी असो वा खासगी, अशा पीडिताला मोफत उपचार द्यावेच लागतात. त्या वेळचे कपडे धुवू नका. वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरते. हे सांगणं अवघड वाटतं, पण आईला बाजूला घेऊन सांगावंच लागतं.

इथून पुढची लढाई लांबची आहे. तपास दोन महिन्यांत, मुलाची साक्ष न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत, आणि खटला शक्यतो वर्षभरात, अशा मुदती आहेत. त्या पुढे जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच तारखेला कुणीतरी हजर पाहिजे. खटला सरकारी वकील चालवतात, पण कुटुंबाला आपला वकील देण्याचा हक्क कलम ४० मध्ये आहे आणि ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण तो देतं. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताच्या बाजूला मिळाली पाहिजे, असं मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं आहे. ती मिळाली नाही तर त्याच मुद्द्यावर उभे राहा. जामीन झाला हे आईला शेजारणीकडून कळावं, यासारखा दुसरा विश्वासघात नाही.

पोक्सोच्या २०२० च्या नियमांत सपोर्ट पर्सनची तरतूद आहे. समिती ही व्यक्ती देते. ती खटला संपेपर्यंत मुलासोबत राहते, तारखा सांगते, न्यायालयात घेऊन जाते. ही सोय प्रत्येक कुटुंबाला समजावून सांगितली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावलं. साक्षीच्या आधी एकदा मुलाला रिकामं न्यायालय दाखवून आणा: न्यायाधीश कुठे बसतात, तू कुठे बसशील, पाणी कुठे मिळेल. आरोपी त्याच्या नजरेसमोर येऊ नये, प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जावेत, मध्ये विश्रांती मिळावी, हे सगळं कायद्यातच आहे. साक्षीत काय बोलायचं ते मात्र पढवू नका. एक पढवलेलं वाक्य दहा खऱ्या वाक्यांवरचा विश्वास उडवतं.

पैशाचं आधी बोला. जेवण, कपडे, प्रवास यासाठी समितीच्या शिफारशीवरून आठवड्याभरात तातडीची मदत मिळू शकते. विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई देऊ शकतं. अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणारी राज्याची मनोधैर्य योजना वेगळी, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. मजुरी बुडवून तारखेला येणाऱ्या आईला ही मदत वेळेवर मिळाली तर ती पुढच्या तारखेलाही येते.

कामावरची मुलं

१४ वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. घरच्या उद्योगात शाळेनंतर किंवा सुटीत मदत, तीही धोक्याची नसेल तर, एवढीच सूट आणि बालकलाकारांची एक. १४ ते १८ वयाच्या मुलांना खाणी, स्फोटकं आणि धोकादायक प्रक्रियांत बंदी. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद, २० ते ५० हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे.

गॅरेज, हॉटेल, टॉवेल-चादरीच्या कारखान्यातली घडी-पॅकिंगची खोली इथे कामगार विभाग, पोलीस आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांनी मिळून जायला हवं. धाड घालण्याआधी मुलं रात्री कुठे झोपणार हे ठरलेलं असू द्या. थकलेली मजुरी त्याच दिवशी लिहून घ्या.

घरी वळल्या जाणाऱ्या विडीचं गणित वेगळं आहे. हजार विड्या पुऱ्या व्हाव्यात म्हणून मुलगी शाळा बुडवत असेल, तर तिथे मी आधी शाळेत जाते. आईला मजुरीचा दुसरा आधार मिळवून दिल्याशिवाय ठाण्याची पायरी चढून मुलीचं भलं होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. साखर कारखान्यांच्या हंगामात येणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, आणि दाखला नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारणं शिक्षण हक्क कायद्यात बसत नाही. नकार मिळाला तर तो लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी नकाराऐवजी प्रवेशच मिळतो.

एक तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट. बाल न्याय कायद्यातले तीन ते सात वर्षं शिक्षेचे गुन्हे २०२१ च्या दुरुस्तीनंतर अदखलपात्र झाले. मुलाशी क्रूर वागण्याचं कलम ७५ त्यात येतं. फक्त तेवढंच कलम लावून तक्रार दिली तर पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. म्हणून मारहाण, डांबून ठेवणं, वेठबिगारी यांची लागू होणारी इतर कलमंही तक्रारीत आली पाहिजेत.

मुलावरच आरोप असेल तर

कोठडी नाही, बेडी नाही. मोठ्या आरोपींसोबत बसवणं नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम १२ नुसार जामीन हाच नियम आहे, गुन्हा कोणताही असो. तो नाकारायची कारणं मोजकी आहेत आणि ती मंडळाला लिहून द्यावी लागतात. परिविक्षा अधिकारी मुलाच्या घरची माहिती गोळा करून अहवाल देतात. त्यांना घर सापडावं, शिक्षक भेटावेत यासाठी मदत करा, कारण मंडळ मुलाकडे कसं बघेल हे बरंचसं त्या अहवालावर ठरतं. चौकशी चार महिन्यांत संपायला हवी, फार तर आणखी दोन. किरकोळ गुन्ह्यात त्यानंतरही निकाल लागला नाही, तर प्रकरण बंदच होतं. या मुदतीची आठवण करून देणारा अर्ज वेळेवर टाका.

नको असलेलं बाळ

रुग्णालयातूनच बाळ एखाद्या मूल नसलेल्या जोडप्याला स्टँपपेपरवर देऊन टाकणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. आईला समितीपुढे बाळ सुपूर्द करता येतं, गुपचूप, आणि दोन महिने फेरविचारालाही मिळतात. आपल्या जिल्ह्याला या कामाचा जुना वारसा आहे: १८७५ साली पंढरपुरात तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी अशा बाळांसाठी आश्रम काढला, आणि पुढे तो प्रार्थना समाजाने चालवला. विधवांची बाळं चंद्रभागेच्या वाळवंटात सोडली जायची तो काळ. आज दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात.

नाव झाका

मुलाचं नाव, फोटो, शाळा, गल्ली, वडिलांचा धंदा, काहीही बाहेर जाता कामा नये. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. 'अमुक वाडीतल्या आठवीच्या मुलीवर' एवढं छापलं तरी पंचक्रोशीला मुलगी कळते. सुटका केलेल्या मुलांसोबतचा फोटो कार्यकर्त्यांच्या ग्रुपवरही टाकू नका. तुमच्या फाईलच्या पाठीवरही नावाऐवजी क्रमांक लिहा.

आदेशानंतर आणि सुरुवातीला

समितीचा किंवा मंडळाचा आदेश मान्य नसेल तर साधारणपणे तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील. उच्च न्यायालयात जायचं असेल तर ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात. मुंबईची फेरी वाचली. मूल घरी परतलं, पण घर चालवायला कुणी नाही, अशा वेळी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये किंवा मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वातून महिना ४,००० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा. शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, पालकाचा मृत्यूदाखला किंवा आजाराचे कागद, बँक पासबुक, हे आधीच गोळा करून जा.

अजून एकही प्रकरण हातात नसेल तर आधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्या. तालुक्यात असाल तर तालुका विधी सेवा समितीत. मुलांना विनामूल्य वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे तिथून परतताना पाच घरी सांगा. त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे. सपोर्ट पर्सन व्हायचं असेल तर बाल संरक्षण कक्षात चौकशी करा. मग एखाद्या अनुभवी वकिलासोबत किंवा कार्यकर्तीसोबत एकच प्रकरण घ्या आणि निकालापर्यंत त्याची एकही तारीख चुकवू नका. दुसरं प्रकरण त्यानंतर.